घनाचे दहा कोपरे: जिओजेब्राच्या एआरने भूमिती शिकवताना

नववीला ‘पृष्ठफळ व घनफळ’ हे प्रकरण सुरू करण्याआधी मी फळ्यावर घनाची आकृती काढते आणि त्याचे शिरोबिंदू मोजायला सांगते. उत्तर आठ येते, आणि आम्ही पुढे जातो. गेल्या वर्षी मात्र तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा फळ्यापाशी आला, त्याने खडूने एकेक बिंदू ठळक केला आणि दहा मोजले. वर्गात हसू उमटले; पण त्याचे मोजणे चुकलेले नव्हते. आपण घन काढतो तो कसा? आधी एक चौरस, मग थोडा वर आणि उजवीकडे सरकवलेला दुसरा चौरस, आणि शेवटी कोपऱ्यांना जोडणाऱ्या चार तिरप्या रेषा. या आकृतीत पुढच्या चौरसाची वरची बाजू मागच्या चौरसाच्या डाव्या बाजूला छेदते आणि पुढच्याची उजवी बाजू मागच्याच्या खालच्या बाजूला छेदते. कागदावर हे दोन छेदनबिंदू अगदी खरे असतात, घनात ते कुठेच नसतात. त्या मुलाने आकृती प्रामाणिकपणे वाचली होती. ती कशाची आकृती आहे, हे त्याला दिसावे अशी व्यवस्था मी केलेली नव्हती.

त्या दिवसापासून वर्षभर मी जिओजेब्रा या गणिताच्या संगणकीय साधनाच्या थ्रीडी कॅल्क्युलेटरमधील ऑगमेंटेड रिॲलिटीची, म्हणजे एआरची (कॅमेऱ्यात दिसणाऱ्या खऱ्या जागेत आभासी वस्तू उभी करण्याची), सोय नववी आणि दहावीच्या वर्गांत वापरते आहे. आमची शाळा तालुक्याच्या गावातील मराठी माध्यमाची अनुदानित शाळा आहे. वर्गात पन्नासहून अधिक मुले असतात, आणि या कामासाठी माझा स्वतःचा फोन व एका सहकारी शिक्षकांनी आनंदाने दिलेला टॅब एवढेच साहित्य होते. हे परीक्षण त्या परिस्थितीतले आहे. प्रत्येक मुलाच्या हाती उपकरण असलेल्या शाळेतील अनुभव याहून वेगळा असू शकेल.

जिओजेब्रा हे नाव भूमिती आणि बीजगणित यांच्या इंग्रजी नावांच्या जोडणीतून आले आहे आणि या साधनाचा स्वभावही तोच आहे: एका बाजूला समीकरण लिहावे, दुसऱ्या बाजूला आकृती उमटावी, आकृती ओढावी आणि समीकरण बदलावे. मार्कस होहेनवार्टर यांनी २००१ साली ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी या कामाला सुरुवात केली. पुढे ते लिंझच्या योहानेस केप्लर विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि प्रकल्पही तिथे वाढला. ॲपलने २०१७ मध्ये आयफोनसाठी एआरकिट हा एआर ॲप बनवण्याचा साधनसंच आणल्यावर त्याच वर्षी जिओजेब्राचे एआर ॲप आले. पुढे ती सोय थ्रीडी कॅल्क्युलेटरमध्येच सामावली गेली आणि अँड्रॉइडवरही मिळू लागली. डिसेंबर २०२१ मध्ये बायजूज या ऑनलाइन शिक्षणाच्या कंपनीने जिओजेब्रा विकत घेतले, तेव्हा आता हे मोफत राहील का, अशी शंका अनेक शिक्षकांनी बोलून दाखवली होती. वर्गातल्या, व्यावसायिक नसलेल्या वापरासाठी मला आजवर एक रुपयाही द्यावा लागलेला नाही. बालभारतीच्या नववी-दहावीच्या ‘गणित भाग २’ या पुस्तकांतही जिओजेब्रा वापरून करायचे उपक्रम सुचवलेले आहेत, त्यामुळे शाळेत हे नाव नवे नव्हते. नवा होता तो फक्त कॅमेरा.

फोनविषयी आधीच सांगते, कारण उत्साहाने ॲप उतरवून घेतल्यावर निराशा होते ती इथेच. थ्रीडी कॅल्क्युलेटर बहुतेक फोनवर चालतो, पण एआर प्रत्येक फोनवर चालत नाही. अँड्रॉइडवर त्यासाठी फोन गूगलच्या एआरकोअर या एआर-प्रणालीला पात्र असावा लागतो आणि त्यावर ‘गूगल प्ले सर्व्हिसेस फॉर एआर’ असावे लागते. आयफोनमध्ये सिक्स एस किंवा त्यानंतरचे फोन चालतात. एआरकोअरला चालणाऱ्या फोनची यादी गूगलने प्रसिद्ध केलेली आहे. शाळेसाठी नवा टॅब घेण्याचा विचार असेल, तर दुकानात जाण्यापूर्वी ती यादी पाहावी. किंमत जास्त म्हणजे एआर चालणारच, असा हिशेब इथे लागू पडत नाही.

वापरण्याची रीत सोपी आहे. आधी पडद्यावर नेहमीप्रमाणे त्रिमितीय आकृती तयार करायची, मग कोपऱ्यातील एआरचे बटण दाबायचे आणि कॅमेरा जमिनीकडे किंवा टेबलाकडे धरून फोन सावकाश इकडेतिकडे फिरवायचा. फोनला पृष्ठभाग ओळखता आला की तिथे खूण दिसते; तिच्यावर बोट टेकले की आकृती जमिनीवर उभी राहते. दोन बोटांनी ती लहान-मोठी करता येते आणि तिच्याभोवती चालत फिरता येते. पृष्ठभाग ओळखण्याची ही पायरी मात्र ॲपवर कमी आणि जमिनीवर जास्त अवलंबून असते, कारण कॅमेरा पृष्ठभागावरील बारीक खुणा टिपून, फोन हलताना त्या कशा सरकतात यावरून, अंतर आणि पातळी ठरवतो. एकरंगी गुळगुळीत जमिनीवर त्याला पकडायला काही सापडत नाही. आमच्या नव्या इमारतीतील पांढऱ्या चकचकीत टाइल्सवर पहिल्या दिवशी वीस मिनिटे गेली, शेवटी तास संपला. जुन्या इमारतीतील शहाबादी फरशीवर तेच काम क्षणात झाले. आता मी कुठेही असले तरी आधी पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी अंथरते. ती नसेल तर वर्तमानपत्राची दोन पाने पुरतात. पावसाळ्यात ढग दाटून आले आणि वीजही गेली, तर एआरचा नाद सोडून खडू हाती घ्यावा, आणि भर उन्हात पटांगणावर पडदाच दिसत नाही, म्हणून व्हरांडा ही सर्वांत उत्तम जागा आहे.

आता पुन्हा त्या घनाकडे येते. दुसऱ्या दिवशी मी सतरंजीवर साधारण दीड फूट बाजूचा घन उभा केला आणि फोन त्याच मुलाच्या हाती दिला. त्याला एवढेच सांगितले, की काल मोजलेले नववा आणि दहावा हे दोन बिंदू शोध आणि त्यांच्यावर बोट ठेव. जिओजेब्रातील घनाची पृष्ठे अर्धपारदर्शक असल्याने मागच्या कडाही दिसतात, त्यामुळे पहिल्या जागेवरून त्याला ते दोन छेद लगेच सापडले आणि तो खूश झाला. मी म्हटले, “आता एक पाऊल डावीकडे सरक.” त्याने पाऊल टाकले, आणि छेदाचा बिंदू कडेवरून घसरत पुढे गेला. तो थांबला, परत उजवीकडे आला. बिंदूही परत आला. मग तो आपणहून खाली बसला, उभा राहिला, आणि शेवटी हात उंच करून त्याने फोन घनाच्या बरोबर वर धरला. वरून पाहताना तळाचा चौरस वरच्या चौरसाच्या आत बसलेला दिसतो आणि एकही छेद उरत नाही. तो म्हणाला, “बाई, ते घनाचे नाहीतच. मी जिथं उभा राहतो त्याचे आहेत.”

हे वाक्य मी त्याला शिकवलेले नव्हते. एकाच प्रतलात नसलेल्या, समांतरही नसलेल्या आणि एकमेकींना न छेदणाऱ्या रेषांची व्याख्या विज्ञान शाखेच्या मुलांना बारावीत सदिशांबरोबर भेटते आणि तिथेही अनेकांना ती पाठच करावी लागते. नववीच्या मुलाने ती आपल्या पावलांनी शोधली. त्याच्या मागे उभी असलेली मुले लगेच इतर कडांच्या जोड्या शोधू लागली: कुठल्या दोन कडा कुठूनही पाहिल्या तरी भेटतात, कुठल्या कधीच भेटत नाहीत, आणि कुठल्या फक्त भेटल्यासारख्या दिसतात. त्यातील एकीने विचारले, की पुस्तकात मागच्या कडा तुटक रेषेने का काढतात. आजवर हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, कारण आजवर त्याचे उत्तर कोणाला लागतच नव्हते.

इथे एक शंका येईल: पडद्यावरची त्रिमितीय आकृती बोटानेही फिरवता येते, मग कॅमेऱ्याचा खटाटोप कशाला? मलाही हा प्रश्न पडला होता, म्हणून दुसऱ्या तुकडीत मी आधी फक्त बोटाने फिरवण्याचा प्रयोग केला. बोटाने फिरवताना मुले घनाला फिरवतात. घन फिरला म्हणून आकृती बदलली, असे त्यांना वाटते, आणि छेदाचा बिंदू घनाचाच असल्याचा समज कायम राहू शकतो. एआरमध्ये घन सतरंजीवर गप्प बसलेला असतो आणि आपण हलतो. वस्तू तीच, जागा तीच, आणि तरीही चित्र बदलले, तर बदलले ते पाहणाऱ्याचे ठिकाण, हा निष्कर्ष टाळता येत नाही. संशोधक रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ मध्ये ऑगमेंटेड रिॲलिटीची तीन लक्षणे सांगितली होती: खऱ्या आणि आभासी गोष्टींचे मिश्रण, तत्क्षणी मिळणारा प्रतिसाद, आणि आभासी वस्तूचे त्रिमितीय अवकाशात पक्के बसणे. भूमितीच्या शिक्षकाच्या दृष्टीने यातले तिसरे लक्षण सर्वांत मोलाचे आहे. व्हिएन्ना तांत्रिक विद्यापीठात हानेस काउफमान यांनी २००० सालाच्या सुमारास ‘कन्स्ट्रक्ट थ्रीडी’ ही प्रणाली भूमिती शिकवण्यासाठीच बांधली, तेव्हा विद्यार्थ्यांना डोक्यावर पडदे चढवून, हातात पेन आणि पाटीसारखे फलक घेऊन हवेत रचना कराव्या लागत. तेच काम आज एका फोनवर बऱ्याच अंशी होते, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

शंकूच्या बाबतीत फायदा झाला तो वेगळ्या जागी. शंकूची लंबउंची आणि तिरकस उंची यांत मुलांचा गोंधळ होतो आणि त्याला कारण पुन्हा कागदच असतो, कारण आकृतीत तळाचे वर्तुळ चपटे दिसते आणि लंबउंचीने तळाच्या त्रिज्येशी केलेला काटकोन काटकोनासारखा दिसतोच असे नाही. मी तळाची त्रिज्या ३, लंबउंची ४ आणि म्हणून तिरकस उंची ५ असा शंकू केला, एका एककाचे माप जमिनीवर १० सेंटीमीटर ठेवले, आणि आतला काटकोन त्रिकोण वेगळ्या रंगात काढला. मुलांनी आळीपाळीने फोन शंकूच्या भिंतीतून आत नेला. कागदी शंकूच्या आत डोके घालता येत नाही; इथे घालता येते, आणि आतून पाहिल्यावर तो त्रिकोण दारासारखा समोर उभा असतो. एका मुलीने शिवणकामाचा टेप आणून हवेतल्या तिरकस उंचीशेजारी धरला आणि ५० सेंटीमीटर जुळतात का ते पाहिले. जुळले, पण तिला टेप नीट धरणे अवघड गेले, कारण तिचा हात शंकूच्या पुढे असला तरी पडद्यावर शंकू हातावरून रंगवला जात होता. साध्या फोनवरच्या एआरची ही ओळखीची मर्यादा आहे: कुठली खरी वस्तू पुढे आहे हे साध्या कॅमेऱ्याला नीट कळत नाही. मुलांना ती आधी सांगून ठेवावी, नाहीतर त्यांचे लक्ष गणितावरून या विचित्र दृश्याकडे वळते.

काही गोष्टींसाठी मात्र हे साधन वापरू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. शंकूचे घनफळ त्याच तळाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या वृत्तचितीच्या एकतृतीयांश असते, हे पडद्यावर कितीही सुंदर दाखवले तरी ते दाखवलेलेच राहते. पुठ्ठ्याचा शंकू आणि पुठ्ठ्याची वृत्तचिती करून वाळूची तीन मापे ओतल्यावर तिसऱ्या मापाला वृत्तचिती काठोकाठ भरते, तेव्हा जो विश्वास बसतो तो कॅमेऱ्यातून बसत नाही. घडणींचे, म्हणजे घनाकार उलगडून सपाट केल्यावर मिळणाऱ्या आकृत्यांचेही तसेच. जिओजेब्रात घन, चिती किंवा सूची यांची घडणी उलगडून दाखवणारे साधन आहे आणि सरकपट्टी ओढत पृष्ठे हळूहळू जमिनीवर आडवी होताना पाहणे देखणे असते. पण ते साधन बहुपृष्ठकांसाठी, म्हणजे सपाट पृष्ठांच्या घनाकारांसाठी आहे; शंकूची घडणी त्यातून मिळत नाही, आणि शंकू उलगडला की वर्तुळपाकळी होते, हाच तर मुलांना न सुटणारा भाग असतो. त्यासाठी वाढदिवसाची कागदी टोपी कात्रीने कापावी. खोक्याची घडणीही मुलांनी आधी खरे खोके उकलून पाहावी आणि मगच पडद्यावर पाहावी. हाताने केलेली वस्तू आणि वहीतील आकृती यांच्यामध्ये एक मोठी दरी असते. एआरची खरी जागा त्या दरीवरच्या साकवाची आहे.

याच संदर्भात एक कटू अनुभव सांगावासा वाटतो. दोन वर्षांपूर्वी शैक्षणिक साहित्याच्या एका प्रदर्शनातून आमच्या शाळेने एआर कार्डांचा एक संच विकत घेतला होता. कार्डावर कॅमेरा धरला की घन, गोल, शंकू हवेत गरगर फिरत, रंग बदलत, आणि एक आवाज त्यांचे नाव सांगत असे. मुलांनी दोन दिवस टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दिवशी एका मुलाने विचारले, की या शंकूची उंची वाढवता येईल का, आणि उत्तर नाही असे होते. माप बदलता येत नसे, छेद घेता येत नसे, एखादा बिंदू मांडता येत नसे. फोन बदलल्यावर ते ॲप उघडेनासे झाले आणि संच कपाटात गेला. मुख्याध्यापकांनी मोठ्या कष्टाने मंजूर करून घेतलेले पैसे होते ते. म्हणून या क्षेत्रातले काहीही विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: यात मूल स्वतःच्या हाताने एखादी संख्या बदलू शकते का, आणि ती बदलल्यावर आकृती बदलते का? जिओजेब्रा या प्रश्नावर पूर्ण खरे उतरते, कारण तिथे हवेतली आकृती ही आधी मुलाने लिहिलेली रचना असते.

पन्नासहून अधिक मुले आणि दोन उपकरणे यांचा मेळ बसवायला मला एक सत्र लागले. सुरुवातीला मी फोन हातोहात फिरवला, आणि प्रत्येकाला जेमतेम काही सेकंद मिळून कोणालाच काही मिळाले नाही. आता सहा-सहा मुलांचे गट करते. दोन गट व्हरांड्यात उपकरणांपाशी असतात आणि बाकीचे वर्गात पुठ्ठ्याच्या प्रतिकृती किंवा उदाहरणे करत असतात. गटातील एकाकडे फोन, एकाकडे टेप, एकाकडे वही. दर तीन मिनिटांनी अदलाबदल. प्रश्न आधी लिहून दिलेला असतो आणि गटाने उत्तराचा अंदाज कागदावर लिहिल्याशिवाय फोन दिला जात नाही. हा नियम मी कधीही मोडत नाही, कारण अंदाज लिहिलेला नसेल तर मुले जे दिसते ते फक्त पाहतात आणि आपल्याला हे आधीपासून माहीत होते असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते. दहा मिनिटांनी उपकरण बंद होते. तेवढ्या वेळातही फोन गरम होतो आणि बॅटरी भराभर उतरते, त्यामुळे सलग दोन तास हे चालवणे तसेही शक्य नसते. त्यानंतर प्रत्येकाने पाहिलेला घनाकार तीन ठिकाणांहून, म्हणजे समोरून, वरून आणि तिरक्या बाजूने, वहीत काढायचा. परीक्षेत फोन नसतो, कागद असतो, आणि कागदावरच्या आकृतीत खोली वाचता येणे हीच तर या सगळ्याची गरज आहे.

भाषेची तयारी शिक्षकाने स्वतः करावी लागते. आमच्या उपकरणांवर साधनांची नावे इंग्रजीत होती, आणि मुलांच्या पुस्तकात इष्टिकाचिती, वृत्तचिती, प्रतल, छेद हे शब्द आहेत. मी एका पुठ्ठ्यावर दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहून व्हरांड्याच्या भिंतीला लावली आणि आठवड्याभरात कोणाला त्या पुठ्ठ्याकडे पाहावे लागेनासे झाले. रचना मात्र मी घरीच तयार करून जतन करून ठेवते. वर्गात पन्नास मुलांसमोर अक्षर-अक्षर टंकत बसणे बरे नव्हे. हे ॲप आपण रात्री शिकून सकाळी वर्गात वापरू असे कोणी समजू नये. द्विमितीय जिओजेब्राची सवय असेल तर दोन-तीन संध्याकाळी पुरतात. ती नसेल तर महिनाभर आधी सुरुवात करावी.

अकरावी-बारावीला गणित शिकवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने हेच साधन तिच्या कनिष्ठ महाविद्यालयात वापरले. दुहेरी शंकू आणि त्याला छेदणारे प्रतल घेऊन, सरकपट्टीने प्रतलाचा कल बदलत, वर्तुळ, लंबवर्तुळ, अन्वस्त आणि अपास्त हे चारही वक्र एकाच रचनेतून निघताना मुलांनी पाहिले. तिच्या मते तिथे एआरची गरज साध्या त्रिमितीय दृश्याहून फार जास्त नव्हती, आणि मलाही तसेच वाटते. प्रतल आपण हलवत असू तर पडदा पुरे; आपल्याला हलायचे असेल तेव्हा एआर.

दहावीच्या ‘महत्त्वमापन’ प्रकरणातील शंकुछेदासाठी, म्हणजे शेंडा कापलेल्या शंकूसाठी, या वर्षी मी एक नवा प्रयोग केला, आणि पुढच्या वर्षी तो पहिल्याच आठवड्यात करणार आहे. शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळची प्लॅस्टिकची बादली आणली आणि मुलांना सांगितले, की हिची मापे घ्या, त्यावरून जिओजेब्रात शंकुछेद तयार करा आणि तो या बादलीवर बसवून दाखवा. तळाचा परीघ साधारण ६३ सेंटीमीटर भरला, म्हणजे त्रिज्या १० सेंटीमीटर. काठाचा परीघ ९४ भरला, म्हणजे त्रिज्या जवळपास १५. उंची घेताना पहिल्या गटाने टेप बादलीच्या उतरत्या बाजूवरच लावला. दुसऱ्या गटातील मुलीने त्यांना थांबवले, काठावर आडवी पट्टी ठेवली आणि तिच्यापासून तळापर्यंत सरळ खाली माप घेतले, २८ सेंटीमीटर. शंकूच्या आत डोकावून पाहिलेला तो काटकोन त्रिकोण तिच्या लक्षात होता, हे मला तिच्या हातांवरून कळले.

रचना करताना शंकू करून त्याचा शेंडा कापण्याऐवजी आम्ही एक तिरका रेषाखंड घेतला आणि तो उभ्या अक्षाभोवती पूर्ण फिरवला. शंकुछेदाची वक्रपृष्ठे अशीच तयार होतात, हे मुलांना आपोआप दिसले. प्रमाण १ एककाला १० सेंटीमीटर ठेवले आणि बादलीशेजारच्या सतरंजीवर तो निळसर पारदर्शक शंकुछेद उभा केला, मग सरकवत खऱ्या बादलीवर आणला. इथे, आभासी आकृती खऱ्या वस्तूवरून रंगवली जाते ही एरवीची अडचणच कामी आली, कारण दोन्ही एकाच वेळी दिसत होत्या. तळ जुळला, उंची जुळली, पण वर जाता जाता निळा रंग बादलीच्या बाहेर पडू लागला आणि काठापाशी चांगला बोटभर बाहेर राहिला. फोन नीट धरला नाही म्हणून, असे आधी सर्वांना वाटले. चारही बाजूंनी फिरून पाहिले. सगळीकडून तेवढाच बाहेर.

मग फोन हाती असलेल्या मुलाने खाली बसून बादलीचा काठ खालून चाचपला. प्लॅस्टिकच्या बादल्यांना पकडीसाठी काठ बाहेर वळवलेला असतो. टेप त्या वळवलेल्या कडेवरून फिरला होता. कडेखाली परीघ पुन्हा मोजला तो ८८ सेंटीमीटर भरला, म्हणजे त्रिज्या १४. सरकपट्टीवर १.५ चे १.४ केले आणि निळा रंग बादलीत मावला. आधीच्या मापांनी घनफळ जवळपास १३.९ लीटर येत होते, नव्या मापांनी १२.८. एका सेंटीमीटरने एक लीटरहून अधिक फरक पडला, हे फळ्यावर मांडल्यावर कोणाचा विश्वास बसेना, म्हणून मुलांनी प्रयोगशाळेतून एक लीटरचे मोजपात्र मागून आणले. तेरावे माप पूर्ण ओतण्याआधीच पाणी काठावरून सांडले आणि सतरंजी भिजली.